चारच्या आत उभा राहायचा सर्व्हर

एकोणसाठाव्या वर्षी माणसाला अक्कल आलेली असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला तेव्हा पाहायला हवं होतं. जळगावच्या एका शाळेत बावीस वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळून मी नुकतीच निवृत्त झाले होते. घरात कुठलंही यंत्र कुरकुरलं की कोणी विचारायच्या आत माझा हात त्यात असायचा, मग तो मिक्सर असो की कूलर. ती बाई आज रस्त्यात समोरून आली तर मी शेजारच्या गल्लीत वळेन.

सून माझी दोंडाईच्याकडची. नात व्हायच्या आधी ती पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळायची. मग नोकरी सुटली आणि बघता बघता चार वर्षं मधे गेली. या चार वर्षांत नकार किती आले ते तिनं कधी सांगितलं नाही, पण मला कळायचं. त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली जायची. अखेर एका कंपनीनं दार किलकिलं केलं. घरी स्वतःची छोटी लॅब उभारा आणि अमुक दिवशी दुपारी चार वाजता व्हिडिओ कॉलवर आम्हाला चालवून दाखवा, म्हणाले. जमलं तर घरूनच काम. नाही जमलं तर काय, ते त्यांनी लिहिलं नव्हतं आणि आम्हीही बोललो नाही.

पुढच्या खोलीत एक जुना सर्व्हर आणून ठेवला. त्या एका मशीनच्या पोटात पाच-सहा मशीनं चालवायची, म्हणजे एका खोलीत सहा बिऱ्हाडं, आणि त्या सगळ्यांवर देखरेख करायला एक मुख्य सर्व्हर बसवायचा, म्हणजे घरमालकीण. बिऱ्हाडं मुकाट्यानं राहायला आली. घरमालकीण काही यायला तयार होईना. कंपनीला नेमकी तीच बघायची होती.

पहिला प्रयत्न आदल्या दिवशी फसला. त्याचं कारण सुनेनं तासाभरात काढलं. मशीनचं नाव सांगितलं की पत्ता मिळायला हवा आणि पत्ता सांगितला की नाव; तिनं एकच बाजू भरली होती. ती दुरुस्ती झाली आणि आम्ही निश्चिंत झोपलो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे परीक्षेच्याच दिवशी, सकाळी आठला तिनं पुन्हा सुरू केलं. मशीन जुनं, एका खेपेला अडीच-पावणेतीन तास घ्यायचं. दहाच्या सुमाराला पडद्यावरची पट्टी ऐंशी टक्क्यांवर जाऊन थांबली आणि लाल झाली.

मी लगेच निदान केलं, ते अर्थात उन्हाचं. एप्रिलचं जळगाव, माणसं तापतात तर मशीन का नाही तापणार? मी कूलर ढकलत आणला आणि त्याचं तोंड सर्व्हरकडे केलं. सुनेनं तो भिंतीकडे वळवला. मग मी इंटरनेटवर संशय घेतला, मग विजेवर, मग शेजाऱ्यांच्या बोअरच्या मोटारीवर. तिनं तोवर सगळ्या नोंदी पुन्हा तपासून साडेदहाला पुन्हा सुरुवात केली. साडेबारा वाजता पट्टी पुन्हा तिथेच, ऐंशीवर. पुन्हा लाल.

माहेरची अहिराणी ती घरात फारशी बोलत नसे. घाबरली की मात्र तीच तोंडात यायची.

"अक्का, बठ्ठं बराबर शे, तरी बी व्हत नही," ती म्हणाली. सगळं बरोबर आहे तरी होत नाही, हे सांगतानाचा तिचा आवाज मला ओळखू येईना.

नातीला मी आत नेऊन खिचडी भरवली. परत आले तर सून बिघाडाच्या नोंदींचं ते शेकडो ओळींचं भेंडोळं वाचत होती. एका ओळीशी थांबून तिनं मला समजावल्यासारखं स्वतःलाच समजावलं. आत दोन बाजू एकमेकींना ओळखचिठ्ठी देतात. चिठ्ठीवर वेळ असते. इथे एकीनं दिलेल्या चिठ्ठीवरची वेळ दुसरीला अजून यायची आहे. म्हणून ती चिठ्ठी खोटी ठरवते. असं कसं होईल, तिला कळेना. बसवताना आपणच काही चुकीचं भरलं असणार असं धरून ती पुन्हा पहिल्या पानावर गेली.

मला मात्र त्याच क्षणी कळलं होतं.

आमचं घर पूर्वी पाचोऱ्याला होतं आणि मी बावीस वर्षं पाचोरा-जळगाव अपडाऊन केलं. गाडी चुकू नये म्हणून घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे असायची. अपडाऊन करणाऱ्यांची निम्मी घरं अशीच असत. जळगावला राहायला आलो, स्टेशन रिक्षानं दहा मिनिटांवर आलं, मी निवृत्तही झाले, तरी घड्याळं पुढेच. घरातला प्रत्येक जण, सूनसुद्धा, भिंतीकडे बघताना मनातल्या मनात वीस वजा करायचा. ते करतोय हेही कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

सर्व्हर आला तेव्हा त्याच्या आतली घड्याळाचा सेल मेलेला होता. सून नातीला डॉक्टरकडे घेऊन गेली होती, तेवढ्यात तो मीच बदलला. वेळही मीच लावली. असल्या मशीनला आपली नाही, ग्रीनविचची वेळ लागते, एवढं मला ठाऊक होतं, आणि त्याचा काय तोरा! भिंतीवरच्या घड्याळात पाहून मी साडेपाच तास बिनचूक वजा केले. वीस मिनिटं राहिली. मुख्य सर्व्हर आपली वेळ इंटरनेटवरून घेत होता, आणि तो ज्याच्या पोटात बसणार होता ते खालचं मशीन माझ्या भिंतीवरून.

आता तेव्हाच्या मला तुम्ही विचाराल, बाई, मग तू बोललीस ना? नाही बोलले. मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं. बावीस वर्षं पोरांना शिकवलेली मी, सुनेसमोर असली चूक कशी कबूल करू? ती आपली आपणच शोधेल, हुशार आहे, असं मी स्वतःला सांगत राहिले. म्हणजे तिच्या हुशारीवर मी माझी अब्रू टांगून ठेवली होती.

पुन्हा डोकावले तेव्हा ती कंपनीला पत्र लिहीत होती. माझी तयारी पूर्ण नाही, वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. दोनच ओळी. बोट पाठवायच्या बटणापाशी होतं.

"थांब," मी म्हणाले. "त्या मशीनचं घड्याळ मी लावलं होतं. भिंतीवरचं बघून."

तिनं भिंतीकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं.

"कधी लक्षात आलं तुमच्या?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. "अर्धा तास झाला."

"अर्धा तास," ती म्हणाली. एवढंच. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

पत्र पुसून तिनं खालच्या मशीनलाही वेळ इंटरनेटवरून घ्यायला लावली, मोडकी घरमालकीण काढून टाकली आणि नव्यानं सुरुवात केली तेव्हा दोनला दहा कमी होते. हिशोब कोणीही करावा. चारच्या आत ते होणं नव्हतं, आणि कमी पडणारा अर्धा तास कोणाकडे होता ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. ती जेवली नाही. मीही नाही. मशीनला हात लागू नये म्हणून मी दोन्ही हात पदरात गुंडाळून दाराशी बसून राहिले.

चार वाजता कॉल लागला तेव्हा पट्टी अठ्ठ्याहत्तरवर होती. पलीकडून एका बाईंनी विचारलं, हे अजून चालूच का आहे? सुनेनं नावा-पत्त्याचा घोळ सांगितला, मग घड्याळाचा. चिठ्ठीवरची वेळ, वीस मिनिटांचा फरक, तो कुठल्या नोंदीत दिसला, सगळं शांतपणे. "उशिरा लक्षात आलं," ती म्हणाली. बाई विचारत होत्या, ही उत्तरं देत होती, आणि मी दाराच्या फटीतून फक्त तो आकडा बघत होते. ऐंशी. तो तिथे इतका वेळ राहिला की मी नातीचा हात किती घट्ट धरलाय ते ती रडायला लागल्यावर मला कळलं.

मग एक्क्याऐंशी झाला.

पाचच्या पुढे सून स्वयंपाकघरात आली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, घेतलंय, सोमवारपासून. मग पाटावर बसून तिनं सकाळची गार भाकरी मोडून तोंडात घातली.

"उशिरा लक्षात आलं, असं सांगितलं मी," ती भाकरी चावत म्हणाली. "कोणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही, अक्का."

मी शेगडीकडे वळले आणि तिच्यासाठी वरण गरम करायला ठेवलं.