वहिनी आणि उतारावरचे ब्रेक

माझी वहिनी स्पोर्ट्स कारच्या मासिकाची संपादक आहे असं सांगितलं, की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "म्हणजे टायपिंग वगैरे बघतात का?" वहिनी तळहात पुढे करायची. बोटांच्या पेरांत मुरलेलं काळं ग्रीस कुठल्याही साबणाला दाद देत नसे. पुढचा प्रश्न सहसा यायचा नाही.

मासिक फक्त दोन आसनी, बुटक्या, वेगवान गाड्यांचं. गाडीत सामान मावत नाही, पावसात छप्पर गळतं, बायको बसायला तयार होत नाही, तरी जो पठ्ठ्या ती विकत नाही, तो आमचा वाचक. मी तिथला चित्रकार. इंजिन उभं चिरलं तर आत कसं दिसेल, ते काढायचो. एकदा माझ्या चित्रात एक वॉशर राहून गेला. वाचकांनी आमची सालटी काढली, आणि वहिनी मात्र खूश!

"बघा भावजी," ती म्हणाली, "हे लोक मासिक चाळत नाहीत. शेजारी उघडं ठेवून बोल्ट फिरवतात. त्यांना आपण चुकीचं सांगून चालणार नाही."

माझा थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, चष्म्याचं दुकान चालवायचा. त्याला क्लच आणि ब्रेक यांतला फरक आजही सांगता येत नाही. पण बायकोचा शब्द न् शब्द तो वाचायचा आणि गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

मग म्हातारे मालक थकले आणि मासिक त्यांच्या जावयाकडे आलं. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, तो आमच्या कुंडलीत असा शिरला. आल्या आल्या त्याने कार्ब्युरेटर साफ करण्याचं सदर बंद केलं आणि त्या जागी महागड्या घड्याळांची पानं आणली.

"बाई, लोकांना स्वप्नं हवीत," तो म्हणाला.

"स्वप्न त्यांना आधीच पडलंय," वहिनी म्हणाली. "ते दारात उभं आहे आणि सकाळी चालू होत नाही. ते का होत नाही, एवढं त्यांना सांगा."

जावयाने हसून विषय बदलला.

त्याच सुमाराला एका कंपनीची नवी गाडी आमच्याकडे परीक्षणाला आली. त्या कंपनीच्या जाहिराती आमच्या मासिकात सगळ्यात जास्त. वहिनी ती घाटात घेऊन गेली, मी शेजारी बसलो. चढताना गाडी अशी पळाली की वहिनी चक्क गाणं गुणगुणायला लागली. उतरताना गाणं थांबलं.

"भावजी, माझा पाय बघा."

ब्रेकवरचा तिचा पाय पार तळाला टेकला होता आणि गाडी तशीच धावत होती. वहिनीने गिअर खाली आणत आणत वेग मोडला आणि गाडी कशीबशी कडेच्या चढावर घातली. चाकांतून धूर येत होता. ब्रेक निवेपर्यंत आम्ही दगडावर बसून राहिलो. मग ती उठली आणि म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा. मी पुन्हा वर जाऊन येते."

"वेड लागलंय का, वहिनी?"

"एकदा झालं तर माझी चूक असेल. दोनदा झालं तर गाडीची."

दोनदा झालं.

तिने तसंच लिहिलं, गाडीचं जे चांगलं तेही लिहिलं. अंक छापून आला तेव्हा त्यात ब्रेकबद्दल अवाक्षर नव्हतं. त्याऐवजी 'उधळलेल्या घोड्याची मस्ती' असं काहीतरी होतं, आणि खाली वहिनीचं नाव.

ती अंक घेऊन तडक जावयाच्या खोलीत गेली. मी दारात उभा होतो.

"पुढच्या अंकात खुलासा छापा."

"बाई, ज्याचं खावं मीठ..."

"मीठ वाचकांचं खातो आपण. घोडा उधळला तर माणूस पडतो, एवढं तरी लिहायचं होतं!"

खुलासा छापायला त्याने साफ नकार दिला.

पुढे वाचकांचा वार्षिक मेळावा होता, जुन्या धावपट्टीवर. मंचावर जावई, कंपनीचा माणूस, आणि बाजूला ती नवी गाडी. चारचौघांत वहिनी काय बोलणार, असं जावयाला वाटलं असावं. त्याने स्वतःच माइक तिच्या हातात दिला. "आमच्या संपादकबाईंच्याच तोंडून ऐका."

वहिनी म्हणाली, "माझ्या नावाने छापलेलं परीक्षण मी लिहिलेलं नाही. मी काय लिहिलं होतं, ते ऐका." आणि घाटातली सगळी हकीकत तिने सांगितली.

कंपनीचा माणूस ताडकन उठला. "पुरावा काय?"

"गाडी इथेच आहे, घाट फार लांब नाही. चला, शेजारी बसा माझ्या."

तो बसला नाही. टाळ्या वगैरेही झाल्या नाहीत. ज्यांनी ती गाडी आधीच नोंदवली होती ते तर भडकलेच. एकजण ओरडला, "आमच्या आनंदावर विरजण घातलंत!"

"घातलं," वहिनी म्हणाली. "हाडं तरी शाबूत राहतील."

नोकरी गेली. तिच्या मागोमाग मीही राजीनामा दिला. दादाने दुकानाची मागची खोली रिकामी केली, चष्म्यांच्या फ्रेमांचे खोके माळ्यावर टाकले आणि म्हणाला, "काढा तुमचं मासिक. मला काही कळणार नाही, पण वाचीन."

मासिक निघालं, काळ्या शाईत, हडकुळं, एकही जाहिरात नसलेलं. कार्ब्युरेटरचं सदर पहिल्याच पानावर. पहिला वर्गणीदार एक दातांचा डॉक्टर, पिवळ्या जुन्या गाडीचा मालक. त्याने आणखी वाचक गोळा करून दिले. आणि वहिनीने दुसऱ्याच अंकात त्याच मॉडेलबद्दल लिहिलं, 'ही गाडी पेट्रोलवर कमी आणि मालकाच्या भाबडेपणावर जास्त चालते.'

डॉक्टर दवाखाना सोडून आला. "याच्यासाठी तुमच्या पाठीशी उभा राहिलो होय? वर्गणी परत द्या!"

"वर्गणी घेऊन जा. मत परत मिळणार नाही."

"माझी गाडी एकदा तरी चालवून बघितलीत?"

वहिनी उठून बाहेर उभ्या असलेल्या पिवळ्या गाडीकडे गेली. मग म्हणाली, "तुमची नाही, दुसऱ्याची चालवली. बॉनेट उघडा."

दुपारभर दोघं इंजिनवर वाकून भांडत होते. मग गाडीखाली शिरले आणि तिथून भांडू लागले. दादाने दोनदा चहा नेला, दोन्ही वेळा तो निवला. शेवटी वहिनी गाडी घेऊन लांबवर फिरून आली.

पुढच्या अंकात तिने छापलं, 'डॉक्टरांची गाडी उत्तम चालते, कारण डॉक्टर तिच्याशी रोज झगडतात. बाकीच्यांनी मागचं मत कायम समजावं.' डॉक्टरांना हे अर्धंच पटलं. ते अजून वाचतात, आणि प्रत्येक अंकावर भांडायला येतात.