मोडण्यासाठी बनवलेला खांब

दादाचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत उभा होतो. "सकाळी गेली," एवढंच तो म्हणाला. शैलजावहिनीला जाऊन आता महिना उलटला. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हाच आम्ही काय ते समजलो होतो, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. तो बसला नंतर, भेटायला येणाऱ्यांचं बोलणं ऐकताना. फार सोशिक बाई, असं जो तो म्हणत होता. हाताला चव होती, कधी आवाज चढला नाही, आल्यागेल्याचं सगळं केलं... मी भिंतीशी बसून ऐकत होतो. वहिनी मेकॅनिकलचा डिप्लोमा घेतलेली इंजिनिअर होती आणि तिनं रस्त्याच्या कठड्यासाठी एक खांब तयार केला होता, हे त्या दिवसांत एकाच्याही तोंडून निघालं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं घर नोकरदारांचं. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, मी शाळेत मास्तर. हातोडा धरला तो एकट्या दादानं. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप होतं, कापसातून सरकी काढणारी जिनिंगची यंत्रं दुरुस्त करण्याचं. लग्न होऊन आलेली वहिनी थोड्याच दिवसांत त्याच्या स्कूटरवर मागे बसून लोहाऱ्याला जायला लागली. आईला वाटलं, हौस आहे, फिटेल. पण वहिनीनं तिथं खिडकीजवळ ड्रॉइंगचं टेबल मांडलं. ती आखायची, दादा घडवायचा. दादासारखं वेल्डिंग यवतमाळात कोणी करत नाही, असं ती अभिमानानं सांगायची. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. भाव पडले आणि एकेक जिनिंग बंद पडायला लागलं. यंत्रंच थांबली तर दुरुस्तीला कोण बोलावणार? वणीकडे कोळशाच्या ट्रकांची वर्दळ वाढली होती आणि त्या रस्त्याच्या वळणांवर लोखंडी कठडे बसवायचे होते. एका कंत्राटदाराकडून दादानं ते काम घेतलं. वर्कशॉप तगलं ते त्यावर.

पहिल्याच हिवाळ्यात एक मारुती व्हॅन आमच्या कठड्याच्या टोकाला आदळली. पुढे बसलेली एक तरुण शिक्षिका जागच्या जागी गेली. वहिनी ते पाहायला गेली, मी सोबत होतो. व्हॅनचं नाक खांबाभोवती गुंडाळलं गेलं होतं. वहिनी खाली बसली, खांबावरून हात फिरवला. "पोचाही नाही आला, भाऊजी," ती म्हणाली. "आपण इतका मजबूत कायले बनवला?" मी म्हटलं, तो मजबूतच असायला हवा ना. ती म्हणाली, "मधले खांब हवे. टोकाचा कायले? समोरून गाडी आली तर खांबानं आधी मोडायला पाहिजे. माणसानं नाही."

पुढचे कित्येक महिने तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. टोकाचे खांब जमिनीलगत कापायचे, दोन्ही तुकड्यांना जाड पट्ट्या लावायच्या आणि त्या बोल्टनं जोडायच्या. बोल्ट असा, की बकरी अंग घासून गेली, सायकल टेकली, वारा सुटला तरी खांब उभा राहील, पण गाडी आदळली की तोच आधी तुटेल आणि खांब आडवा होईल. सांगायला सोपं. बंद पडलेल्या एका जिनिंगातलं भलंमोठं बिडाचं चाक भंगारात आलं होतं. ते तिनं साखळीनं उंच टांगलं, दादाला मागे ओढून धरायला लावलं आणि सोडायला सांगितलं. चाक झुलत येऊन खांबावर आदळायचं. कधी बोल्ट तुटायचाच नाही, कधी नुसत्या धक्क्यानं तुटायचा. ती बोल्टची जाडी बदलायची, खाचा बदलायची, पुन्हा चाक मागे. शेजारच्या शेडमधले लोक बाहेर येऊन पाहायचे. "वहिनी बनवून राहिली की मोडून राहिली?" असं कोणी विचारलं की दादा हसून म्हणायचा, "दोन्ही." एके दुपारी खांब अगदी तिला हवा तसा पडला. दादानं स्वतः जाऊन सगळ्यांसाठी गरम भजी आणली होती... त्या दोघांना तसं आनंदात मी नंतर पाहिलं नाही.

कंत्राटदारानं एका वळणावर तसे खांब लावू दिले. पावसाळा संपता संपता एका जिनिंगमालकाची जीप तिथं आदळली. नाव लिहीत नाही, पण त्यांची यंत्रं आम्ही वर्षानुवर्षं दुरुस्त केली होती. बोल्ट तुटले, खांब आडवे झाले, जीप कठडा फरफटत नेत तुरीच्या वावरात जाऊन थांबली. शेठचं खांद्याचं हाड मोडलं. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात मोडलेल्या खांबांचा फोटो आणि खाली निकृष्ट कामाची बातमी. तक्रार खुद्द शेठनं केली होती.

वहिनी तुटलेला बोल्ट रुमालात घेऊन त्यांच्या घरी गेली. मी होतोच. शेठ हात गळ्यातल्या झोळीत घेऊन बसले होते. चहा आला.

"हा बोल्ट तुटण्यासाठीच होता, शेठजी," वहिनी म्हणाली. "तुटला म्हणून तुम्ही इथं बसून आहात."

"तुटण्यासाठीच होता तर लावला कायले?"

तिनं त्यांना व्हॅनबद्दल सांगितलं, त्या शिक्षिकेबद्दल सांगितलं. शेठ म्हणाले, "तिचं नशीब." मग बोल्ट हातात घेऊन पाहिला आणि बशीत ठेवला. "हे पाहा बाई, तुमच्या नवऱ्याचे अन् माझे जुने संबंध, म्हणून मी पोलिसात गेलो नाही. रेलिंग मोडलं म्हणून मी वाचलो, असं सांगत फिरलो तर लोक मलेच हसतील."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हा मेला असता ना भाऊजी, तर लोक म्हणाले असते, रेलिंग किती मजबूत होतं."

पुढच्या आठवड्यात कंत्राटदार आणि बांधकाम खात्याचा एक साहेब वर्कशॉपवर आले. साहेबानं विचारलं, हे डिझाइन कोणाचं. वहिनी टेबलाशीच उभी होती. दादा तिच्याकडे न पाहता म्हणाला, "बायकोचं डोकं आहे ते, साहेब. मले काही कल्पना नव्हती." चाक मागे ओढून धरणारा माणूस हे बोलला. साहेब हसला. ठरलं असं, की सगळे खांब काढून पहिल्यासारखे भक्कम बसवायचे, दादानं पदरमोड करून, आणि काम त्याच्याकडेच राहील. कामगारांची घरं चालायची होती, हे मला कळतं. वहिनीलाही कळत असावं. तिनं पर्स उचलली आणि मला म्हणाली, "भाऊजी, घरी सोडता?"

त्यानंतर ती लोहाऱ्याला गेली नाही. लोकांना आठवते ती हाताची चव तिनं त्यानंतर कमावली. दादाशी ती नीट वागली, कधी टोमणा मारला नाही. ते त्याला जास्त जड गेलं असेल.

मागच्या वर्षी तिला दवाखान्यात नेताना नागपूरजवळच्या मोठ्या रस्त्यावर गाडी जरा थांबली होती. बाजूला नवा कठडा होता आणि त्याच्या टोकाचे खांब बुडाशी बोल्टनं जोडलेले होते. मी म्हटलं, "वहिनी, पाहा, तुमच्या खांबांसारखेच." तिनं पाहिलं. "यांच्या खांबाचा फोटो कोणी काढला नसेल," ती म्हणाली आणि मान मागे टेकून डोळे मिटून घेतले.

भेटायला आलेल्यांत शेठही होते. आता थकले आहेत, दोघांनी धरून आत आणलं. दादाचा हात हातात घेऊन तेही म्हणाले, फार सोशिक बाई होती. दादानं मान डोलावली.

परवा दादाला घेऊन वणीला निघालो. त्या वळणाशी त्यानं गाडी थांबवायला सांगितली. कठडा अजून आहे, रंग पार उडाला आहे. कोळशाचा ट्रक गेला, धूळ बसली, मग दादा काठी टेकत टोकाच्या खांबाजवळ गेला. आधी त्यानं तो हातानं ढकलून पाहिला.

"हलत नाही रे," तो म्हणाला. "मीच बसवलेला."

मी म्हटलं, चल, ऊन आहे. त्यानं ऐकलं नाही. काठी कठड्याला टेकवून ठेवली, दोन्ही पाय रोवले आणि खांबाला खांदा लावला.