पट्ट्यावरचं कुंकू

दाभोशाच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हा जिजा तिथे मुलांची खिचडी शिजवायची. तिचा तुषार आणि माझी प्राजक्ता एकाच बाकावर. आता दोघं मालवणकडे एका स्कूबा केंद्रात शिकतात आणि तिथेच कामही करतात. प्राजक्ता पाण्यात असते तेवढा वेळ माझा फोन पदराआड असतो आणि हातातल्या कामात लक्ष नसतं. पण हे मी जिजाबद्दल लिहिते आहे. तिच्यापुढे माझी काळजी फार लहान आहे.

तुषार रांगत होता तेव्हा त्याचा बाप, ढवळू, नदीच्या डोहात अडकलेलं जाळं सोडवायला उतरला. जिजा काठावर त्याचा सदरा मांडीवर घेऊन बसली होती. खालच्या अंगाला कुठे तरी वर आला असेल, असं लोक म्हणत राहिले. तिने डोहावरची नजर काढली नाही. दुसऱ्या दिवशी तो मेलेला सापडला, पण वर आलेला तिला दिसला नाही तो नाहीच. त्यानंतर ती नदीवर धुणं घेऊन गेली नाही. पावसाळ्यात सगळ्या बाया वाहत्या पाण्यावर जायच्या, ही हापशावर नंबर लावून उभी.

त्या बाईचा मुलगा समुद्राखाली जायचं म्हणाला. जिजा चालत रस्त्यावर आली, जीप धरून जव्हारला माझ्या दारात उभी राहिली.

"बाई, तुमची पोर पण जाते नं?"

"जाते."

"तुम्ही सोडली तिला?"

"मी कुठली सोडते? ती गेली."

ती हसली. "शिकलेल्या बायचं पण पोरं ऐकत नाय मग."

चहा पिऊन झाल्यावर तिने खरं काय ते सांगितलं. तुषारला ती अडवणार नव्हती. पण तो पाण्यात गेलेला आणि पाण्यातून वर आलेला तिला एकदा डोळ्यांनी बघायचा होता. आणि डोळे चालले होते. काचबिंदू. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येत नाही. कडेचं सगळं गेलं होतं, मधलं तेवढं राहिलं होतं. ती मान वळवून वळवून माझ्या स्वयंपाकघरातला कप शोधत होती.

म्हणून कॅमेरा. मुलांनी मिळून घ्यायचा आणि निवडायचा मी, कारण वाचायचा नाद मला. आठवडाभर मी तेच वाचत होते. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेणं काठापुरतं ठीक, खोलीवर पिशवी दगा देते. अंगचाच जलरोधक असलेला छोटा कॅमेरा सोपा, पण पोरं ज्या खोलीपर्यंत जातात तिथे त्याची हद्द संपते. मग उरला बोटभर रुंदीचा साधा कॅमेरा आणि त्याला वेगळी कडक पेटी. पेटीच्या झाकणाला रबराची बारीक कडी असते, पाणी तीच अडवते. प्राजक्ताचे शिक्षक फोनवर म्हणाले, "नवशिक्यांना एकच मोठं बटण असलेला द्या, आणि मनगटाला पट्टा हवाच. हात मोकळे राहिले पाहिजेत. अंग पाण्यात स्थिर ठेवता येईपर्यंत मी तो नेऊ देणार नाही." त्या शेवटच्या वाक्याने मला धीर आला आणि मी तसाच निवडला. परवडणाराही तोच होता.

दिवाळीनंतर निघताना मुलं तो जिजाला दाखवायला गेली. मीही होते. अंगणात घोंगडीवर पेटी उघडी पडली होती. जिजाच्या घरात नवा कोयता आला तरी आधी कुंकू लागतं, वर नव्या तांदळाचे दाणे पडतात. तिने कॅमेऱ्याला कुंकू लावलं, दाणे टाकले, हात जोडले. आम्हीही जोडले. तुषारने दाणे झटकले आणि पेटी मिटली.

पहिल्याच बुडीत पेटी पाण्याने भरली. कॅमेरा गेला. तुषारचा फोन आला, आवाज अगदी खाली गेलेला.

"बाई, रबराच्या कडीखाली तांदळाची कणी निघाली. आयेला सांगू नका."

नाही सांगितलं. पेटीच खराब होती असं सांगितलं. जिजाने ते गावभर केलं. मी दिसले की बायांना सांगायची, "बाईंनी एवढं वाचून वाचून फुटका डबा आणला." बाया हसायच्या, मीही हसायचे. बोलून झालं की तिचा हात माझ्या हातावर यायचा आणि तिथेच राहायचा. होळीला ती पेटत्या लाकडांकडे पाठ करून उभी होती. उजेड कुठल्या बाजूला आहे ते तिला कळलं नव्हतं.

पुढच्या हंगामाला मुलांनी पुन्हा तसाच कॅमेरा घेतला. मी म्हटलं, आता कशाला? तुषार म्हणाला, "आयेला कबूल केलंय." निघताना जिजा कुंकवाची डबी चाचपत आली. मी पेटी मिटून घेतली आणि पट्टा तिच्या बोटांत दिला.

"पट्ट्याला लाव, जिजा."

"पट्ट्याला का?"

"पट्टा पोरांच्या हाताला असतो."

तिने थोडा विचार केला आणि पट्ट्याला लावलं. दाणे तुषारच्या खिशात टाकले.

गेल्या रविवारी पोरांनी चित्रफीत पाठवली. जिजाच्या ओट्यावर बसून मी फोन तिच्या कानाशी धरला, स्वतः बघत राहिले आणि सांगत राहिले. हिरवं पाणी आहे. बारीक मासे आहेत, पिवळे. तुषार समोर आहे, तोंडात नळी आहे, बुडबुडे वर जातायत.

"हा आवाज बुडबुड्यांचा?"

"हो."

"श्वास हाय मग."

एकदा पट्ट्याचं टोक तरंगत चित्रात आलं. तेवढ्या खोलीवर लाल रंग उरत नाही. डाग काळा दिसत होता.

"कुंकू हाय का पुसलं?"

"आहे."

मग चित्र थांबलं. तुषार अजून खालीच होता, तळाच्या खडकाजवळ. बॅटरी संपली असेल.

"वर आला का?" जिजाने विचारलं.

"आला," मी म्हटलं.

तिने मान हलवली. तिला माझं खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. बराच वेळ ती मांडीवरचा पदर सारखा करत राहिली.

"तुझी पोर दिसली?"

"ती कशी दिसेल? कॅमेरा तिच्याच हातात."

"मग तिला कोण बघतंय?"

मी फोन दोघींच्या मध्ये ओट्यावर ठेवला.

"माझा पोरगा कुठं बघत होता?"

"कॅमेऱ्याकडे."

"म्हंजे तिच्याकडंच की," ती म्हणाली आणि फोन माझ्याकडे सरकवला. "लाव परत."