कपाट तुझ्याकडून धरलंय

हळदीची वाटी माझ्या हातात होती. पुतण्या पाटावर बसला होता, खांद्यावर टॉवेल टाकून. डीजे थोडा वेळ बंद ठेवला होता आणि बायका गाणी म्हणत होत्या. मी दोन बोटं वाटीत बुडवली आणि पुढं वाकले. तेवढ्यात मोठ्या जावेनं माझं मनगट धरलं.

"तू नको गो," ती म्हणाली. "तू मागं बस."

कानात नाही सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पाटाभोवतीच्या बायकांनी गाणं थांबवलं नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. माझा नवरा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. विधवेचा हात हळदीला चालत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हा पोरगा मी मांडीवर घेऊन न्हाऊ घातलेला. त्याची आई, म्हणजे हीच जाऊ, दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा माझ्याच कुशीत झोपायचा. मला वाटलं, घरातल्या घरात कोण काय म्हणणार.

मी मागं जाऊन भिंतीला टेकून बसले. बोटांची हळद पदराला पुसली. पुतण्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

मग आहेर. आमच्याकडं आहेर माईकवर पुकारतात. कुणाकडून किती, कुणाकडून काय, साऱ्या मांडवाला ऐकू जातं. माईकवाला म्हणाला, आता घरचा आहेर, नवरदेवाच्या काकींकडून सोन्याची अंगठी. टाळ्या पडल्या. जाऊ स्वतः उठून आली आणि मला दंडाला धरून पुढं घेऊन गेली. फोटोवाला म्हणाला, काकी, जरा हसा. मी डबी उघडली आणि अंगठी काढणार, तर जावेनं डबीच माझ्या हातातून घेतली आणि आपल्या हातानं पोराच्या बोटात अंगठी सरकवली. शुभकार्य ना.

हात चालत नाही. अंगठी चालते.

हे मला त्याच मांडवात उमगलं असं सांगितलं तर खोटं होईल. तेव्हा मी हसले. फोटोवाल्यानं हसा म्हटलं म्हणून हसले. त्या अल्बममध्ये मी अजून हसतेय आणि ते आठवलं की माझ्या अंगाची आग होते.

ती दोन ग्रॅमची अंगठी गटाच्या लोनची होती. कंपनी येते, गावातल्या बायकांचा गट करते, प्रत्येकीला कर्ज देते. दर आठवड्याला एकीच्या ओटीवर मिटिंग भरते आणि हप्ता गोळा होतो. लोन घेणारीला बाकीच्या जामीन. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा आणि तोवर कुणी उठायचं नाही. वसुलीला गुंड लागत नाहीत. शेजारणी पुरतात.

माझं पहिलं लोन नवऱ्याच्या बाराव्याचं. तो काविळीनं गेला. दवाखान्यात होतं नव्हतं ते आधीच गेलं होतं. मी म्हटलं, जवळच्या माणसांना वरणभात घालू. मोठे दीर म्हणाले, असं कसं, घराण्याची इज्जत आहे. दिरांना इज्जत परवडते. धसईच्या आसपासच्या जमिनी मुंबईवाल्यांना फार्महाऊससाठी दाखवून त्यांनी बंगला बांधला, पांढरी गाडी घेतली. माझ्याकडं एक घर, भाताचं एक शेत आणि एक मुलगी. तरी गावजेवण झालं, पंगतीला जिलबी झाली. लोनच्या कागदावर माझा अंगठा नव्हता एवढंच, मला सही येते म्हणून सही घेतली. इज्जत त्यांची, हप्ता माझा.

तिथून थांबलंच नाही. आमच्यात आहेर म्हणजे उसनवारी. समोरच्यानं दिलं त्यापेक्षा चार पैसे चढवून परत करायचं, मग तो आणखी चढवणार. नवरा मेला, पण त्याच्या नावावरचे आहेर मेले नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की लोकांना आनंद होतो, मी घरातले पैसे मोजायला बसायचे. आता पत्रिका सुरू. पाकीट, मानाच्या साड्या, बारशाला वाळे, डोहाळजेवणाला आणखी एक साडी. त्या मानाच्या साड्या कुणी नेसतसुद्धा नाही. या घरातून त्या घरात फिरतात. मुरबाडच्या दुकानातून उधारीवर आणलेली एक साडी मी एका लग्नात दिली होती, काठाजवळ शाईचा डाग होता म्हणून दुकानदारानं थोडी कमी लावली होती. दोन लग्नांनंतर तीच साडी मला मान म्हणून मिळाली. उधारी अजून फिटायची होती.

मी मुरबाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. पगार हातात यायच्या आधीच वाटला गेलेला असायचा. एका लोनचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं लोन काढलं.

एकदा मिटिंगला कंपनीचे मोठे साहेब आले. खुर्ची फक्त त्यांना. आम्ही खाली सतरंजीवर. ते म्हणाले, "ताई, कर्ज वाईट नसतं, तुमच्या सवयी वाईट असतात. चहा कमी करा. मोबाईलचा रिचार्ज कमी करा. अंथरूण पाहून पाय पसरा." बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्या अंथरुणाची दुसरी बाजू धरून कोण ओढतंय हे त्यांनी विचारलं नाही.

पण मी ऐकलं. शिकलेला माणूस सांगतोय म्हणजे खरं असेल. चहा बंद केला. मुलीची अंडी बंद केली. टमटमचे पैसे वाचवायला फाट्यापर्यंत चालत जायला लागले. चपला झिजल्या, कर्ज जागच्या जागी. कसं हलणार? मी चिमटीनं वाचवत होते आणि मांडवात ओंजळीनं टाकून येत होते.

त्याच वर्षी मुलगी बारावी झाली. तिला नर्सिंग करायचं होतं. शहापूरच्या कॉलेजात नंबर लागला. फीचे पैसे मी गव्हाच्या डब्यात जमवले होते. तेवढ्यात अंगठीवाल्या पुतण्याच्या बायकोचं डोहाळजेवण निघालं. जावेनं निरोप धाडला की काकीचा मान मोठा असतो, त्याप्रमाणं यावं. तिकडं दोन हप्तेही थकले होते आणि ओटीवर बायका माझ्यासाठी खोळंबून बसल्या होत्या. डबा रिकामा झाला. फी भरायची तारीख गेली.

दुसऱ्या महिन्यात मुलगी डोक्याला टोपी घालून माझ्याच शेजारी पॅकिंगच्या लाइनीत उभी राहिली. एक दिवस डबा खाताना तिनं विचारलं, "आये, दादाच्या अंगठीचे हप्ते संपले का?"

मी म्हटलं, नाय अजून.

"म्हंजे मी आता त्याच्या अंगठीसाठी कामाला येते."

टोमणा नव्हता. हिशोब लागला की माणूस बोलतो तसं बोलली आणि भाकरी खात राहिली. मी माझ्या डब्याचं झाकण लावलं. मला कुणी हळदीवरून उठवलं ते मी गिळलं होतं. पण माझी पोरगी, जिनं दुसऱ्यांना इंजेक्शन द्यायचं शिकायचं ठरवलं होतं, ती खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. का? तर मला उठवणाऱ्यांच्या बोटात सोनं असावं म्हणून. त्या कँटीनमध्ये मला सगळं दिसलं. ते मनगट, ती डबी, तो फोटो. सवय वाईट आहे म्हणणारा साहेब बरोबरच होता. सवय चहाची नव्हती एवढंच. मागितलं की देण्याची होती.

दिवाळीनंतर दीर घरी आले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, मांडीवरचा मोबाईल बघत बघत म्हणाले, "कपाट तुझ्याकडून धरलंय."

धरलंय. जमेल का, नाही. देशील का, नाही. आमच्यात नवऱ्या मुलीला कपाट काकाकडून असतं. काका जिवंत नाही, तर काकी आहेच.

"कपाट नाय जमणार, भावजी."

ते हसले. गटाचं लोन काढ म्हणाले, सगळ्या काढतात, लग्नकार्यालाच तर असतं ते. एका भावाची पोरगी आणि दुसऱ्या भावाकडून कपाट नाही, हे मांडवात कसं दिसेल म्हणाले. आपल्या मेलेल्या भावाची पोरगी कॉलेजात नाही, कंपनीत आहे, हे कसं दिसतं ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "हळदीला मला मागं बसवलंत ना? मंग कपाटाला पण मी मागंच बसते."

त्यांचा मोबाईल खाली गेला. ते उठले. दारात थांबून म्हणाले, "उद्या तुझी पोरगी बोहल्यावर उभी राहील तवा तुझ्या दारात कोण येतो ते बघू."

"नका येऊ."

दोनच शब्द. ते बोलायला मला एवढी वर्षं लागली याचा राग दिरांपेक्षा मला माझाच जास्त आला.

मग गावभर झालं. बाई माजली. कंपनीचा पगार डोक्यात गेला. नवऱ्याचं नाव बुडवलं. बुडू दे. त्या हंगामात आलेल्या पत्रिका मी कपाळाला लावल्या, फळीवर ठेवल्या आणि कामावर गेले. पाकीट नाही, साडी नाही, वाळे नाहीत. पहिल्या पगाराला अंडी परत आणली. चहा परत सुरू केला, साखर घालून. आणि जे मांडवात जात होतं ते सगळं हप्त्यात घातलं. दुसऱ्या गटाचं लोन आधी फिटलं. साडीच्या दुकानाची उधारी फिटली. साहेबांच्या चिमटीनं जे वर्षभर झालं नव्हतं, ते एका नकारानं व्हायला लागलं.

फुकट नाही झालं. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आमच्याकडं एकमेकांच्या शेतात जातात. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. त्या पावसात माझ्या शेतात कुणी आलं नाही. बांधावरून लोक गेले, दिरांच्या शेतात उतरले. मी आणि मुलगी दोघीच वाकलो. रोपं जून व्हायला लागली तरी निम्मं शेत बाकी. एकच बाई आली, माझी शेजारीण. नवऱ्यानं टाकलेली, दोन पोरं पदरात. ती दोन दिवस माझ्याबरोबर चिखलात उभी राहिली आणि त्यासाठी तिनंही बोलणी खाल्ली. तरी एक तुकडा पडीकच राहिला. त्या वर्षी भात पुरलं नाही, विकत आणलं. मुलगी एक वर्ष उशिरानं शहापूरला कॉलेजात गेली. गेलेलं वर्ष कुणी परत देत नाही.

शेवटचा हप्ता भरला तेव्हा मिटिंग माझ्याच ओटीवर होती. हप्तेवाला पोरगा खूष होता. म्हणाला, ताई, रेकॉर्ड एक नंबर, आता डबल मिळेल, मुलीच्या लग्नाला होईल. मी नको म्हटलं. त्यानं दोनदा समजावलं, मग कागद पुढं सरकवला. लोन नको तर नको, पण गटात नाव आहे तोवर जामिनाची सही लागेल.

कागद शेजारणीचा होता. त्याच शेजारणीचा.

मी विचारलं, कशाला घेतेस? ती हसून म्हणाली, "भाच्याची हळद हाय गो. अंगठी धरलीय माझ्याकडून."

मी पेन खाली ठेवलं.

"बियाण्याला माग, दवाखान्याला माग, पोरांच्या शाळेला माग. आत्ता देते. ह्याला नाय देणार."

तिला आधी थट्टा वाटली. मग तिचा चेहरा उतरला. "तुझ्या वाईट टायमाला मी आलते," ती म्हणाली.

आली होती. खरं होतं. मी कागद हप्तेवाल्याकडं परत सरकवला. बायका म्हणाल्या, उपकार विसरली. हप्तेवाला घड्याळ बघायला लागला, मला म्हणाला, ताई, एका सहीचा तर प्रश्न आहे. हो, एका सहीचाच प्रश्न आहे. माझ्या पहिल्या लोनवर कुणी तरी अशी सही नाकारली असती तर त्या बाईला मी जन्मभर शिव्या दिल्या असत्या, आणि माझी पोरगी वेळेवर कॉलेजात गेली असती.

तिचं लोन अडलं. अंगठी गेली नाही. ती आता माझ्याशी बोलत नाही, माझ्या दारावरून जाताना थुंकते. थुंकू दे. पुढच्या हंगामात दुसरी कुणी येईल, अंगठीसाठी नाहीतर कपाटासाठी, रडत येईल, उपकार मोजून दाखवत येईल. तिलाही नाही म्हणणार. मांडवासाठी माझी सही कुणालाही मिळणार नाही.