माहेरच्या नावाचा रकाना

मेडशीच्या पुढे, फाट्यावरून आत एक गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीच्या कपाटाची किल्ली एकतीस वर्षं दौलतरावांच्या करदोट्याला होती. हुद्दा शिपायाचा. पण ग्रामसेवक आठवड्यातून दोनदाच येत, म्हणून वह्या दौलतरावच भरत. गुडघे गेले होते. या उन्हाळ्यात निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांना आता फक्त बसायचं होतं.

दिवाळीनंतर एक जीप आली होती. दिल्लीच्या हुकमावरून परदेशी माणसं शोधणारं पथक. त्यांनी गावात राहणाऱ्यांची वही मागितली आणि दौलतरावांनी ती काढून दिली. पथकानं गावात खोली घेऊन राहणारे दोन चादरवाले उचलले. ते निघाले आपल्याच बंगालमधल्या मुर्शिदाबादचे, कागद चोख. चाळीस दिवसांनी सुटले, पण या गावात पुन्हा आले नाहीत.

मग सरपंच प्रयागबाईंनी ग्रामसभेत ठराव घेतला. नाव घालून लेखी आदेश आल्याशिवाय पंचायत कोणाचीही माहिती देणार नाही. पंचायतीचा माणूस घरं दाखवत फिरणार नाही. हा ठराव दौलतरावांनीच वहीत उतरवला, आपण काढून दिलेली वही आठवत.

उन्हाळ्यात जीप परत आली.

"काका, बंगालची एक बाई आहे म्हणतात इथं. घर कोणतं?"

"लेखी आनलं का साहेब?"

"आम्ही दिल्लीचं काम करतोय."

"आमी पंचायतीचं करून राह्यलो. चहा घ्या. वही नाही भेटत."

साहेबांनी चहा घेतला नाही.

आठ दिवसांनी लेखी आलं. नाव घालून. योगिनी, विकासची बायको. विकासला इकडे मुलगी मिळाली नाही, म्हणून अठरा वर्षांपूर्वी त्यानं बंगालच्या नदिया जिल्ह्यातून बायको आणली. माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर ती प्रतिमा मंडल होती. इथल्या प्रत्येक कागदावर योगिनी. दोघी एकच, हे सांगू शकणारी एकच जागा होती, पंचायतीतली लग्नाची नोंद. नाहीतर तिला परदेशी ठरवून नेणार होते.

दौलतरावांनी पान काढलं. 'वधूचे विवाहापूर्वीचे नाव' या रकान्यात आडवी रेघ होती. त्यांनीच मारलेली. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की गावात जुनं संपायचं. गावातल्या एकाही सुनेचं जुनं नाव त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

"मामा, आता लिहून टाका ना," विकास म्हणाला. "कोनाले समजते?"

दौलतरावांनी पेन उचललं, आणि खाली ठेवलं. "ताजी शाई दिसते, बाप्पा. तेच धरून तिले आत टाकतीन."

"मंग?"

"मंग काय. मी तिले घेऊन जातो वाशीमले, साहेबापाशी."

पण आधी, ठरावाचं काय, हे प्रयागबाईंना विचारून आले.

"ठराव लोकाईले पकडून न देन्याचा हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "घरच्या बाईसाठी बोलाले कोनं बंदी घातली?"

वाशीमच्या कार्यालयात योगिनीला शेजारी घेऊन दौलतराव टेबलाला टेकून उभे राहिले.

"साहेब, प्रतिमा ते हेच योगिनी. लग्नात मी होतो. तांदळातलं नाव मीच वाचून दाखवलं. रेघ माही. चूक माही. लिहून घ्या."

"तुमच्यावर कारवाई होईल, काका."

"होऊ द्या."

"वही कुठे आहे?"

"या एका पानाची नक्कल आनली. बाकी बायांचं नाही देत."

साहेबांनी ती नक्कल फायलीत लावली. मग जबाब लिहून घेतला. वीस जुलैला पुन्हा या म्हणाले, त्या दिवशी निकाल. तोवर घरी जा.

परतीच्या एसटीत योगिनीला आणि त्यांना एकाच बाकावर जागा मिळाली. दौलतराव गुडघे चोळत होते.

"पोरी, तुले आता प्रतिमा म्हनू का?"

"त्या नावानं हाक मारली त मी पाहनार बी नाही, मामा." योगिनीनं खिडकीला डोकं टेकलं. थोड्या वेळानं म्हणाली, "पन निकालाच्या दिवशी साहेब त्याच नावानं बलावतीन. रोज म्हनत जा. सवय झाली पाह्यजे."

"प्रतिमा," दौलतराव म्हणाले.

ती बाहेर बघत राहिली.

"प्रतिमा."

गाडी मेडशीला थांबली, माणसं चढली, गाडी सुटली. फाटा जवळ आला तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. या वेळी तिनं मान वळवली.