पाहुण्यांपुढचं भाषण

आमच्या दारव्ह्याच्या वस्तीतल्या पोरी भाषणाला कधी भ्याल्या नाहीत. जयंती आली की एवढीशी पोरगी माईक खाली ओढून घ्यायची आणि महापुरुषांवर असं काही बोलायची की म्हातारी माणसं डोळे पुसायची. त्याच पोरीला विचारा, बाई गं, तुला स्वतःला काय व्हायचंय? झालं! ओढणीचं टोक तोंडात, नजर जमिनीवर. "बाबा म्हणतीन ते," एवढंच उत्तर. मला फार राग यायचा. पोरींचा नाही, त्यांना हे उत्तर शिकवणाऱ्यांचा.

शाळेतून रिटायर झाल्यावर मी रविवारी विहारात वंदना झाली की पोरींना थांबवून घ्यायला लागले. नियम एकच. उभं राहून भाषण करायचं, पण विषय आपण स्वतः. मला काय पाहिजे आणि काहून पाहिजे. कुणी थोरामोठ्यांचं नाव घेऊन सुटका करून घ्यायला लागली की मी तिला खाली बसवायची. सुरुवातीला कुणी हसायची, कुणी रडायची. एकीची आजी तर भांडायलाच आली, "बाई, पोरीयच्या डोक्यात काय भरून राह्यल्या तुम्ही?" मी म्हटलं, आजी, भरत नाही, आत आहे ते बाहेर काढून राह्यली. आजीला पटलं नाही, पण नात येत राहिली.

त्यात एक होती, उंच, सावळी, आवाज जरा घोगरा. तिचे बाबा दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचे. मोठ्या हौसेनं त्यांनी लेकीला मार्केट यार्डाच्या मोकळ्या जागेत गाडी शिकवली होती. ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिनं आधी ओढणी कमरेला खोचली. मग म्हणाली, "मले एसटी चालवायची हाये. बाबाच्या जीपमधी माणसं कोंबा लागते, मागं लटकवा लागते. एसटीत माणूस तिकीट काढून सीटवर बसते. तशी गाडी मले चालवायची हाये." पोरी हसायच्या थांबल्या. मी आयुष्यभर मुलांची भाषणं ऐकली, पण असं भाषण ऐकलं नव्हतं. लहान गाडीचं लायसन्स तिच्याजवळ होतं. त्याला वर्ष झालं की यवतमाळला जाऊन जड गाडी शिकायची, असं बाबांशी बोलून ठरलं होतं.

तेवढ्यात उमरखेडहून पाहुणे येतो म्हणाले. घरचं किराणा दुकान, मुलगा निर्व्यसनी, माणसं भली. आदल्या दिवशी तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, बाई, तुमचं ऐकते ती, तिले थोडं कमी बोलायला सांगा. मी साफ नकार दिला. पोरीला बोलावून सांगितलं, रविवारी जे बोलते तेच बोल, पाहुणे उठून गेले तर जाऊ दे. बाबांनाही ते पटलं. मागून भांडणं नकोत, म्हणाले.

आमच्याकडे पोरगी पाहायला आले की नाव-शिक्षण विचारून झाल्यावर दोन शब्द बोलायला लावतात. तिलाही लावलं. मी दाराशी बसले होते. पोह्यांच्या प्लेटी सगळ्यांच्या हातात. ती उभी राहिली आणि विहारातलं भाषण तिनं जसंच्या तसं केलं. एक शब्द गाळला नाही. माझा ऊर भरून आला. आता हे लोक उठणार म्हणून मी वाट पाहत होते.

तर मुलाची आई खूश होऊन हसली! म्हणाली, आम्ही पाहिलेल्या पोरी तोंडच उघडत नव्हत्या, आम्हाला दुकानात अशीच बोलकी पाहिजे. मुलाचा मामा म्हणाला, घरी मालाची गाडी आहे, चालवजो ना माय. सगळे हसले. मुलगाही हसला. पोह्यांसोबत तिचं भाषणही त्यांनी खाऊन टाकलं, आणि त्यांना ते आवडलंसुद्धा. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी चांगली माणसं मिळाली म्हणून. कुंकवाचा, म्हणजे साखरपुड्याचा, कार्यक्रम त्याच दिवशी ठरला.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. चप्पलही न काढता दारातच उभी राहिली.

"बाई, ते हो म्हणले का नाही म्हणले?"

मी तिच्या बाबांना म्हटलं, स्पष्ट विचारा. बाबांनी फोन लावला. तिकडून उत्तर आलं, होईल ना, आधी लग्न तर होऊ द्या. नाही म्हणणारा माणूस समोर असला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. इथं सगळेच गोड बोलत होते. मी बाबांना लग्न थांबवा म्हणाले. ते हात जोडून म्हणाले, बाई, अशी सोयरीक आमच्या दारात पुन्हा येणार नाही. जड गाडी शिकायच्या आतच तिचं लग्न झालं.

मागच्या वर्षी एका नातेवाइकाकडे उमरखेडला गेले, तेव्हा तिच्या दुकानात डोकावले. गल्ल्यावर तीच होती. माल घेऊन आलेल्या माणसाशी भाव करत होती, खणखणीत आवाजात. सासूनं मला मायेनं खुर्ची दिली. सुनेचं कौतुक करताना थकेना. बोलण्यानंच दुकान चालवलं पोरीनं, म्हणाली. मी गाडीचं विचारलं, तर हसून म्हणाली, तिनं गाडी धरली तर गिऱ्हाईक कोण पाहील? मालाची गाडी मुलगाच चालवतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडू कोणाशी? त्या बाईच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं.

सासू चहा करायला आत गेली तसं मी पोरीला हळूच म्हटलं, पुन्हा एकदा सांगून पाहा गं.

ती डाळीचं पुडकं बांधत होती. दोरा तोडला आणि म्हणाली, "न बोलणाऱ्या पोरीजवळ एक तं राह्यते बाई, का सांगतलं असतं तं झालं असतं. मी तं सांगतलं. मले तेही नाही राह्यलं."

आणि मी, जन्मभर दुसऱ्यांना बोलायला लावणारी बाई, तिच्या दुकानात बसून नुसती रडले.