संकष्टीचा प्रवासखर्च

चौकशीबाईंना ‘कशा आहात?’ असं विचारायची सोय नव्हती. ‘तुम्हाला कशासाठी हवंय?’ असा उलट प्रश्न यायचा, आणि कारण पटलं तरच तब्येतीचा तपशील मिळायचा. कॉव्हेंट्रीच्या आमच्या ऑफिसात लष्करी अधिकाऱ्यांच्या सरकारी प्रवासकार्डांची तपासणी चाले. बाई तिथल्या मुख्य तपासनीस आणि मी नागपूरहून आलेला कंत्राटी कॉम्प्युटरवाला. त्यांचं खरं नाव वसुधाताई. चौकशीबाई हे मी ठेवलेलं, आणि ते कानावर गेल्यावर त्यांनी त्याचीही रीतसर चौकशी केली होती.

‘खोटं बोलू नये, आणि गोड खोटं तर मुळीच नाही,’ असं त्या म्हणत आणि दुर्दैवाने तसंच वागत. साहेबांच्या वाढदिवसाच्या कार्डावर ‘बेस्ट बॉस’ छापलेलं होतं, म्हणून बाईंनी सही केली नाही. बाकीचे किती बॉस पाहिलेत, असा त्यांचा प्रश्न होता.

अशा बाईंसमोर नॉटिंगहॅमजवळच्या छावणीतल्या एका मेजरचं प्रकरण आलं. आडनाव आपलं, जन्म इथला. लंडनच्या तीन फेऱ्या ‘मीटिंग’ म्हणून सरकारी कार्डावर, आणि मीटिंग एकही झालेली नाही. तीनच असत्या तर पैसे भरून आणि समज घेऊन सुटले असते. पण मागच्या दोन वर्षांत तशाच आणखी बऱ्याच फेऱ्या दिसत होत्या. त्यातल्या खऱ्या किती आणि खोट्या किती, ते माझ्या प्रोग्रॅमला सांगता येईना. वार ठरलेला नाही, तारीख ठरलेली नाही. हिवाळ्यात मेजर त्याच दिवशी परत यायचे आणि उन्हाळ्यात हॉटेलात राहायचे. आठवडाभर मी त्या यादीशी डोकं फोडलं.

एका दुपारी बाई साबुदाण्याच्या खिचडीचा डबा हातात घेऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. दोन घास खाल्ले आणि थांबल्या. मोबाईलवर पंचांग काढून एकेक तारीख ताडून पाहिली. ‘या सगळ्या संकष्ट्या आहेत,’ त्या शांतपणे म्हणाल्या. हॉटेलाचंही कोडं सुटलं. उन्हाळ्यात इथला चतुर्थीचा चंद्र अकराच्या पुढे उगवतो, मग परतीची गाडी कुठली मिळणार? लाखभर पौंडांच्या प्रोग्रॅमचं नाक साबुदाण्यानं कापलं.

मी हळूच सुचवलं की हे फक्त आपल्या दोघांनाच कळतंय, तेव्हा तीन फेऱ्यांवर भागवू या.

‘संकष्टी मीही करते,’ बाई म्हणाल्या. ‘म्हणून तर मला सुटका नाही.’

चौकशीला मेजर आले ते कडक इस्त्रीत. बाईंनी तारखांची यादी पुढे सरकवली आणि मराठीत विचारलं, उपास कोण करतं? मेजरांचा ताठा तिथेच उतरला. आई इल्फर्डला वृद्धांच्या सोसायटीत एकाच खोलीत राहते, तिथे पाहुण्याला रात्री थांबू देत नाहीत, आणि मुलगा समोर बसल्याशिवाय ती उपास सोडत नाही, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या वेळी खरंच मीटिंग होती, मग सवय झाली. रजा का मागितली नाही, असं बाईंनी विचारलं. ‘रिझन लिहावा लागतो ना, ताई,’ मेजर म्हणाले. ‘फॉर्मवर मी काय लिहिणार? मून? आई माझा वाट बघतो, हे कुठल्या बॉक्समध्ये जातो?’

चुकीचं मराठी ऐकलं की बाई जागच्या जागी दुरुस्त करत. त्या दिवशी त्यांनी फक्त चष्मा पुसला. रिपोर्ट मात्र पूर्ण लिहिला, एकूण एक फेरी धरून. मेजरांची नोकरी गेली. वरिष्ठांनी माझ्या प्रोग्रॅमचं कौतुक केलं. मला बाईंचा राग आला होता आणि तो मी बरेच दिवस बाळगला. त्यांना कुणाचं काही वाटतच नाही, असं मी घरी बायकोला सांगत असे.

पुढच्या गणपतीत बाई आणि मी इल्फर्डच्या मंडळात गेलो होतो. मोदक वाढणाऱ्या एक आजी प्रत्येकाला कौतुकाने सांगत होत्या, ‘माझा मुलगा मेजर होता हो. माझ्यासाठी आर्मी सोडली त्यानं. आता इथेच फ्लॅट घेतलाय, मला घेऊन राहतो.’ मागे कागदी ताटल्यांची चळत धरून मेजर उभे होते. त्यांनी आम्हाला ओळखलं. ताटल्या हातातच राहिल्या.

म्हातारीने बाईंना विचारलं, तुम्ही कुठे असता? बाईंनी खरं तेच सांगितलं. लष्कराच्या एका ऑफिसात असते, तुमच्या मुलाच्या कामाशी एकदा संबंध आला होता. म्हातारी हरखून गेली. तिने बाईंचा हात धरला.

‘मग सांगा ना, कसा होता हो तो कामात? इथे कुणाला काही माहीतच नाही.’

मी जमिनीकडे पाहू लागलो. बाईंचं उत्तर मला पाठ होतं.

‘अगदी चोख,’ बाई म्हणाल्या. ‘कुठे बोट ठेवायला जागा नाही.’

म्हातारीने भरल्या डोळ्यांनी त्यांच्या ताटलीत आणखी एक मोदक वाढला. बाईंनी तो मान खाली घालून, शेवटच्या कणापर्यंत संपवला.